लाइट गेली तर काय?

माझा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. कराडात छोटं दुकान आहे. नवे पीसी असेंबल करून देतो, जुन्यांना फॉरमॅट मारतो, कीबोर्डमध्ये सांडलेला चहा पुसतो. गेम सुचवणं हे काही दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं नाही. पण पैसे देऊन झाले की गिऱ्हाईक काउंटरपाशी जरा रेंगाळतं आणि हळूच म्हणतं, "एखादा चांगला गेम घालून द्या की." बाप असेल तर "पोरासाठी" असं पुढं जोडतो. पोरगं सोबत नसतं, आणि चार दिवसांनी तिसरी लेव्हल कशी पार करायची ते विचारायला फोन बापाचाच येतो.

सगळ्यात भारी गेम कुठला, याला माझ्याकडं उत्तर नाही. मी आधी एवढंच बघतो, की त्यातून मधेच उठता येतं का, आणि परत बसल्यावर तो कुठून सुरू होतो. ग्राफिक्स, गोष्ट, रेटिंग हे सगळं नंतर. ही खोड मला लोडशेडिंगनं लावली. 2005 नंतरची काही वर्षं आमच्याकडं लाइट सकाळी जायची, संध्याकाळी जायची आणि वेळापत्रकात नसताना अधूनमधून तिसऱ्यांदाही जायची. बहुतेक घरांत यूपीएसची बॅटरी बसलेली. तो नुसता टीं टीं करायचा आणि मशीन बंद. आणि नेमका त्याच काळात पोरांना ज्या गेमनं वेड लावलं होतं, त्यात मिशनच्या मधे सेव्ह करायची सोयच नव्हती.

तो गेम म्हणजे आयजीआय. नॉर्वेच्या इनरलूप कंपनीनं केलेला, 2000 सालचा. जोन्स नावाचा एकटा माणूस शत्रूच्या तळात घुसतो, एवढीच गोष्ट. तारेचं कुंपण, टेहळणीच्या मनोऱ्यावर बंदुकवाला, भिंतीवर फिरता कॅमेरा. कॅमेऱ्यानं टिपलं की अलार्म वाजतो आणि बराकीतून माणसं धावत येतात. म्हणून आधी कॅमेऱ्याचा बंदोबस्त, मग मनोरा, मग दबकत इमारतीच्या मागच्या दारानं आत. अर्धा अर्धा तास असं सरपटत जायचं आणि शेवटच्या फाटकापाशी गोळी लागली की पुन्हा पहिल्यापासून. गोळीनं मेलात तर आपली चूक. लाइट गेली तर शिव्या कुणाला द्यायच्या? आमच्या गल्लीत लाइट गेली की एकाच वेळी चार-पाच घरांतून ओरडा ऐकू यायचा, आणि कोण काय खेळत होतं ते त्यावरून कळायचं.

तरी मी आयजीआय आजही सुचवतो. त्यातले पहारेकरी ठोंबे आहेत. शेजारचा पडला तरी दुसरा खुशाल उभा राहतो. पण सेव्ह नसल्यामुळं माणूस प्रत्येक पाऊल जपून टाकतो, कोपऱ्यावर थांबतो, कानोसा घेतो. 2003 साली दुसरा भाग आला. त्यात मोजून सेव्ह करता यायचं, आणि माझ्या मते तिथंच त्याची अर्धी धास्ती गेली. फक्त आयजीआय देताना मी सांगून ठेवतो: अर्धा तास कुणी हाक मारणार नाही अशा वेळी बसा. ज्याच्या घरी हे जमणार नाही त्याला तो देत नाही.

याच्या उलट टोकाचा गेम म्हणजे प्रिन्स ऑफ पर्शिया. जॉर्डन मेकनर नावाच्या माणसानं 1989 साली ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी केलेला, आणि पुढच्याच वर्षी आपल्या डॉसवर आलेला. त्यात 60 मिनिटं असतात. मेलात तर लेव्हल पुन्हा खेळता येते, कितीही वेळा, पण घड्याळ मागं जात नाही. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये हा गेम फ्लॉपीवरून फिरायचा. मास्तर यायच्या आत संपवायचा तर गेमच्या घड्याळाबरोबर भिंतीवरच्या घड्याळाकडंही बघावं लागायचं.

आजच्या पोराला तो दाखवला की पहिलं वाक्य हमखास येतं, "हा उशिरा उडी मारतो." मारतोच. मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला पळताना, उड्या मारताना, काठाला लोंबकळताना व्हिडिओवर टिपलं आणि त्यावरून एकेक चित्र उतरवून काढलं. त्यामुळं या राजपुत्राला वजन आहे. तो थांबायच्या आधी दोन पावलं घसरतो, उडीच्या आधी जोर घेतो. हे एकदा अंगात मुरलं की मग प्रत्येक फरशी पारखून पाऊल टाकायची मजा येते, कारण काही फरशा पायाखालून निसटतात आणि काहींवर पाय पडला की खालून खिळे वर येतात.

पण मला त्यातली सावली सगळ्यात आवडते, आणि ती आवडण्यामागं धंद्याचंही कारण आहे. चौथ्या लेव्हलला वाटेत एक आरसा आडवा येतो. पळत येऊन त्यातून उडी मारली की राजपुत्राचं प्रतिबिंब सुटं होऊन दुसऱ्या बाजूनं निघून जातं. पुढं ते आपलं औषध पिऊन टाकतं, एकदा तर तोंडावर दार पाडतं. शेवटच्या लेव्हलला ते तलवार घेऊन समोर उभं राहतं. त्याच्यावर वार केला की आपलंच रक्त कमी होतं. काय करायचं ते मी सांगत नाही. ज्याला सुचतं, तो दुकानात येऊन सांगतो. ही सावली आली कुठून, तर मशीनच्या गरिबीतून. ॲपल टू च्या मेमरीत नव्या पात्राच्या चित्रांना जागा उरली नव्हती, म्हणून मेकनरनं राजपुत्राचीच चित्रं पुन्हा वापरून त्याचा वैरी उभा केला. चार जीबी रॅमच्या ऑफिसवाल्या मशीनवर "काहीच चालत नाही" म्हणून कुरकुर करणाऱ्याला मी ही हकिकत ऐकवतो. या गेमचा मूळ प्रोग्रॅम हरवला असं मेकनरलाच वाटत होतं. 2012 साली वडिलांच्या घरी जुन्या डिस्का सापडल्या आणि त्यानं तो सगळ्यांसाठी खुला केला. गेम खेळायला तर आता काही घालावंही लागत नाही. इंटरनेट अर्काइव्हवर ब्राउझरमध्येच डॉसचे जुने गेम सुरू होतात.

रोड रॅश, क्रिकेट 07, व्हाइस सिटी यांची शिफारस करायची गरज पडत नाही. लोक नाव घेऊनच येतात. क्रिकेट 07 हा ईएचा शेवटचा क्रिकेट गेम. तो आला तेव्हा आयपीएल जन्मालाही आली नव्हती, पण हौशी पोरांनी नवे संघ, नव्या जर्स्या घालून घालून त्याला जगवलाय. आज विकत घ्यायचा तर मेलबर्नच्या बिग अँट कंपनीचे गेम आहेत, क्रिकेट 24 वगैरे. ते बॅटिंग शिकवतात खरे, पण जुन्या मशीनचा घाम काढतात. व्हाइस सिटीबद्दल मात्र मी आईबापांना थांबवून सांगतो. "गाडीचा गेम आहे ना तो?" असं विचारत येतात. गाडी आहे, पण ती दुसऱ्याला ओढून बाहेर काढून पळवलेली आहे. हा गेम मोठ्यांसाठी केलेला आहे. सातवीतल्या पोराला तो मी घालून देत नाही. शेजारचा देतो, आणि तिकडं जाणारे जातात.

जुन्यातला एक गेम असा आहे, की ज्याची शिफारस मी कधी केलीच नाही. तो आपोआप यायचा. विंडोजबरोबरचा फ्रीसेल. बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. हात जरा थरथरायचा, त्यामुळं माउसवर दोनदा टिचकी मारणं त्यांना जमत नसे. मी त्यांना आधी सॉलिटेअर लावून दिला, कारण पत्ता धरून ओढत नेण्याची सवय त्यानं आपसूक लागते. तिथून ते फ्रीसेलवर गेले आणि तिथलेच झाले. त्या जुन्या फ्रीसेलमध्ये डावांना नंबर असायचे, 1 ते 32,000. काकांनी लेजरसारखी वही आखली: नंबर, तारीख, सुटला की नाही, आणि शेरा. क्रमानं एकेक डाव. मी एकदा बोलून गेलो की एवढ्या डावांत एकच डाव कुणालाच सुटलेला नाही, 11982 नंबरचा. 1990 च्या दशकात इंटरनेटवरच्या लोकांनी आपापसांत डाव वाटून घेऊन सगळे तपासले होते, तेव्हाच तो मागं उरला होता. काका म्हणाले, "मग तो मी आधीच बघतो." आठवडाभर त्यांनी तो सोडला नाही. शेवटी वहीत त्या नंबरपुढं लाल शाईनं लिहिलं, 'बुडीत खाते'.

अशा गेममधून उठायला काही लागत नाही. डाव तसाच टाकून पोळी खाऊन यावं. खरी अडचण नव्या जमान्यात झाली. आता लाइट फारशी जात नाही, पण उठायची सोय गेमवाल्यांनीच काढून घेतली. आया येतात आणि सांगतात, "जेवायला दहा हाका मारल्या तरी पोरगं हलत नाही, उलट ओरडतं." मी विचारतो, काय खेळतो? उत्तर बहुतेक वेळा बीजीएमआय किंवा व्हॅलोरंट. मग त्यांना समजावून सांगावं लागतं की वहिनी, हा पॉज होत नाही. पलीकडं खरी माणसं आहेत, तीन-चार साथीदार त्याच्या भरवशावर आहेत, आणि मधेच उठला तर गेम त्याला शिक्षा करतो, काही वेळ खेळूच देत नाही. बीजीएमआयची मॅच अर्ध्या तासात आटपते, व्हॅलोरंटची पाऊण तासावर जाते. म्हणून "आत्ताच्या आत्ता बंद कर" म्हणू नका. जेवण वाढायच्या आधी पाऊण तास सांगा, की नवी मॅच लावू नकोस. भांडण निम्मं कमी होतं, हा अनुभव आहे. उरलेलं निम्मं 'रोज हजेरी लावा आणि बक्षीस घ्या' या धंद्याचं आहे. ते मात्र माझ्यानं सुटत नाही. ज्या गेमला मी रोज यावं असं वाटतं, त्याच्या हेतूबद्दल मला शंका येते.

म्हणून नव्यातले गेम निवडताना मी संपणारे गेम शोधतो. यातला माझा सगळ्यात लाडका म्हणजे रिटर्न ऑफ द ओब्रा डिन. लुकास पोप या एकट्या माणसानं केलेला, 2018 साली आलेला. हा मी पहिल्यांदा ज्याला दिला तो गाड्यांचे अपघात तपासणारा विम्याचा सर्व्हेअर होता. लॅपटॉप फॅन साफ करायला आणला होता, आणि म्हणाला, "मला गोळ्या झाडायच्या नाहीत, दिवसभर मोडकं-तोडकंच बघतो." मी म्हटलं, "मग तुम्हाला तुमचंच काम देतो." 1807 साल. ईस्ट इंडिया कंपनीचं एक हरवलेलं व्यापारी जहाज इंग्लंडच्या फाल्मथ बंदरात परत येऊन लागतं, आणि त्यावर जिवंत माणूस नाही. तुम्ही कंपनीचे विमा तपासनीस. हातात एक वही, जहाजाचं चित्र, माणसांची यादी आणि एक विचित्र घड्याळ. प्रेतापाशी घड्याळ उघडलं की त्या माणसाच्या मरणाचा क्षण गोठून समोर उभा राहतो आणि त्याच्या आधीचं बोलणं ऐकू येतं. 60 जणांपैकी कोण कोण होतं आणि प्रत्येकाचं काय झालं, एवढं लिहायचं.

नाव कुणी सांगत नाही. कुणाच्या झोपाळ्यावर कुठला आकडा आहे, कोण कुणाच्या पंगतीला बसलाय, पायात कसले बूट आहेत, कुठल्या भाषेत ओरडला, यावरून ठरवायचं. जहाजावर हिंदुस्तानी खलाशीही आहेत. अंदाजपंचे दाहोदरसे चालू नये म्हणून गेमनं एक चलाखी केलीय: तीन जणांची नोंद बरोबर झाली तरच तो ती पक्की करतो. दोन बरोबर आणि एक चूक असेल तर गप्प बसतो. चित्रं फक्त दोन रंगांची, ठिपक्याठिपक्यांची, जुन्या मॅकिंटॉशच्या पडद्यासारखी. त्यामुळं ग्राफिक कार्ड नसलेल्या लॅपटॉपवरही निभावतं. आमच्या सर्व्हेअरसाहेबांनी महिनाभर तो पुरवून पुरवून खेळला. मधूनच फोन यायचा, "अहो, तो सुतार आणि त्याचा मदतनीस, यात मोठा कोण?" मी सांगायचो नाही. हा गेम एकदाच खेळता येतो. उत्तर कळलं की संपलं. तसं बघितलं तर पैसे फुकट. माझ्या मते हीच त्याची खानदानी.

स्टारड्यू व्हॅलीचं उलटं झालं. तो मी आग्रहानं एका ऊसवाल्या शेतकऱ्याच्या घरी दिला होता, मुलीसाठी. 2016 चा गेम. एरिक बॅरोन या एकट्यानंच चित्रं, संगीत, प्रोग्रॅम सगळं चार वर्षांहून जास्त खपून केलेला. आजोबांची पडीक जमीन मिळते, ती साफ करायची, पेरायचं, पाणी घालायचं. सुरुवातीला पार्सनिपच्या बिया मिळतात. चार दिवसांत पीक तयार. मुलगी रमली. बाप एक दिवस शेजारी बसून बघत होता आणि मग दुकानात येऊन म्हणाला, "दर ठरलेला, पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी हातात. हे काय शेती शिकवतंय?" बरोबर होतं त्याचं. पण त्यातली एक गोष्ट मी दाखवून देतो: गेममधला एक दिवस आपल्या सुमारे 14 मिनिटांचा आणि अंथरुणात शिरून झोपलं की सेव्ह. लाइट गेली तर फार तर एक दिवस बुडतो. हा हिशेब त्यालाही पटला.

आपल्याकडचं काही आहे का, असं विचारणारे थोडे असतात, पण असतात. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या मंडळींनी केलेला राजी आहे, 2020 चा. सर्कशीतली एक मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते आणि तिची गोष्ट दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत सांगतात. लढाया पुढं पुढं एकसुरी होतात, हे आधीच सांगून टाकतो. पण ते वाडे, त्या जाळ्या, त्या भिंतींवरची चित्रं बघण्यासाठी एका सुट्टीत संपणारा हा गेम घ्यावा. त्याहून छोटा वेन्बा, 2023 चा, टोरांटोत केलेला. कॅनडात गेलेली तमीळ बाई, तिच्या आईची फाटकी, डाग पडलेली पाककृतींची वही आणि मोठा होता होता दूर जाणारा मुलगा. एका बैठकीत होतो. ज्यांचा मुलगा अमेरिकेत आहे अशा एका काकूंना मी तो लावून दिला. त्यांनी आधी इडलीपात्राच्या ताटल्या कशा लावायच्या यावरून गेमशीच वाद घातला, मग चष्मा काढून पुसला, आणि मला म्हणाल्या, "हे लॅपटॉपवर राहू दे, काढू नकोस."

पोर्टलही संपणाऱ्यातलाच, 2007 चा. भिंतीला एक भोक इथं, एक तिथं. एकातून शिरून दुसऱ्यातून निघायचं. डोक्याला खुराक आणि विनोद अस्सल. फक्त डोळ्यांसमोर सगळं फिरणाऱ्या अशा गेमनं काही जणांना मळमळतं. चाळिशीनंतरच्या गिऱ्हाइकाला मी दुकानातच दहा मिनिटं खेळवून बघतो. चेहरा पांढरा पडला तर एज ऑफ एम्पायर्स 2 कडं वळवतो. तिथं वरून बघायचं असतं. 1999 चा गेम, पण 2019 साली नव्यानं रंगवून काढलेला, आणि 2022 च्या जोडभागात राजेंद्र चोळाची मोहीमही आली. देवगिरीचे यादव मात्र अजून स्वतंत्र सत्ता म्हणून आले नाहीत. यावर दर आठवड्याला कुणीतरी माझ्याशी भांडतं, जणू ते मीच अडवून ठेवलेत.

शेवटी पत्ते. 2024 साली बलाट्रो आला. पोकरचे हात, पण पैसा नाही. दीडशे जोकर, आणि प्रत्येक जोकर नियम जरा वाकवतो. तीन पत्ती खेळलेल्या माणसाला तो दहा मिनिटांत कळतो. बाप लोक पडद्यावर पत्ते बघून दचकतात, आणि ते साहजिक आहे. रमीच्या ॲपांनी काही घरं कशी खाल्ली ते आम्ही जवळून पाहिलंय. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमांवर 2025 साली कायद्यानं बंदी आली ती उगाच नव्हे. इथं एकदा विकत घेतला की पुढं एक पैसा मागत नाही. कधीही बंद करा, तिथूनच सुरू होतो. अडचण एवढीच, की बंद करावासा वाटत नाही. बारावीच्या पोराला मी तो परीक्षेनंतरच देतो, आणि स्वतःच्या मशीनवरून दोनदा काढून टाकलाय.

काहीही घ्यायचं तर विकत घ्या म्हणतो. झेरॉक्स काढलेल्या कव्हरातल्या सीड्यांचे दिवस गेले. स्टीमवर रुपयांत किंमत असते, सेल लागला की बरीच उतरते, यूपीआयनं पैसे देता येतात. आणि घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत, खेळणं दोन तासांच्या आत असेल, तर परत करून पैसे मागता येतात. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ते माझा शब्द प्रमाण मानून पैसे घालतात आणि आवडला नाही तर गप्प बसतात. मी सांगतो, दोन तास व्हायच्या आत ठरवा, नाही पटला तर बिनधास्त परत करा. फक्त का नाही पटला ते येताजाता सांगून जा. पुढच्याला काय द्यायचं ते मला त्यावरूनच कळतं.